इन्फ्लुएन्झा आणि विश्रांतीचा अधिकार



इन्फ्लुएन्झा झालेल्या माणसाला कोणताही डॉक्टर पहिली सूचना देतो ती विश्रांतीची. चार-पाच दिवस घरी राहा, पडून राहा, पातळ पदार्थ भरपूर घ्या आणि लोकांत मिसळू नका, असे तो सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने ही सूचना अचूक आहे. तिच्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, महागडे औषध लागत नाही की मोठे रुग्णालय लागत नाही. तरीही या देशातील बहुसंख्य श्रमिकांना न परवडणारे औषध कोणते, असे विचारले तर उत्तर हेच येईल. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या लेखी 'चार दिवस घरी राहा' याचा अर्थ 'चार दिवसांची मजुरी सोडून द्या' असा होतो. ही विसंगती ध्यानात घेतली की इन्फ्लुएन्झा हा जितका वैद्यकाचा तितकाच मजुरीचा आणि कायद्याचाही विषय ठरतो. म्हणूनच श्रमिकांच्या चळवळीने या रोगाची नीट ओळख करून घेणे आवश्यक आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू या. साधे पडसे आणि इन्फ्लुएन्झा यांची लोकव्यवहारात नेहमी गल्लत होते. पडशात नाक वाहते, घसा खवखवतो, पण माणूस हिंडता-फिरता असतो. इन्फ्लुएन्झात ताप एकाएकी चढतो, डोके ठणकते, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो आणि उठून तांब्याभर पाणी घेणेही जिवावर येते. बहुतेकांचा ताप आठवड्याच्या आत उतरतो. खोकला आणि अशक्तपणा मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक रेंगाळतात. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, लक्षणे दिसू लागतात. रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना रोग देऊ शकतो, आणि त्यातही आजाराचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत अधिक धोक्याचे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे कायद्याचा विचार करताना तिचा उपयोग होणार आहे.

या रोगाचे कारण विषाणू आहे, हे माणसाला फार उशिरा कळले. १८९२ पासून एका जिवाणूला त्याचे कारण मानले जात होते. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडनमधील संशोधन संस्थेत. म्हणजे १९१८ च्या महाभयंकर साथीत जगभरचे डॉक्टर ज्या शत्रूशी लढत होते, त्याची खरी ओळख त्यांना पटलेली नव्हती. माणसाला उपद्रव देणाऱ्या विषाणूंचे 'ए' आणि 'बी' हे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन तऱ्हेची प्रथिने असतात. एकाच्या साहाय्याने तो शरीरातील पेशीला चिकटतो, तर दुसऱ्याच्या साहाय्याने नव्याने तयार झालेले विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. 'एच१एन१', 'एच३एन२' ही नावे या प्रथिनांच्या क्रमांकांवरून पडलेली आहेत. ही प्रथिने सतत थोडी थोडी बदलत असतात, त्यामुळे गेल्या वर्षी मिळवलेली प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते. कधी कधी पक्षी, डुक्कर आणि माणूस यांच्यातील विषाणूंचे जनुकीय घटक एकत्र येऊन अगदी नवाच विषाणू जन्मतो. त्याची ओळख कोणाच्याच शरीराला नसल्याने जगभर साथ पसरते. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या साली अशा जागतिक साथी आल्या.

जागतिक साथ नसलेल्या वर्षांतही हा रोग क्षुद्र नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे शंभर कोटी लोकांना ऋतुमानानुसार येणारा इन्फ्लुएन्झा होतो; त्यांपैकी ३० ते ५० लाखांचा आजार गंभीर रूप घेतो आणि २,९०,००० ते ६,५०,००० माणसे श्वसनाच्या विकाराने दगावतात. भारतात सर्वसाधारणपणे पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्याचा जोर असतो. २०१५ साली एकट्या एच१एन१ च्या ४२,००० हून अधिक रुग्णांची आणि सुमारे ३,००० मृत्यूंची देशात नोंद झाली, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता.

रोग सर्वांना होतो हे खरे. पण तो सर्वांना सारखाच मारतो हे खरे नाही. याचा सर्वांत विदारक पुरावा मुंबई शहरातच आहे. १९१८ च्या जून महिन्यात पहिल्या महायुद्धातून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या गोदीत पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि साथ शहरात शिरली. ही पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला होता, धान्याचे भाव कडाडलेले होते, आणि गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत माणसे दाटीवाटीने राहत होती. इन्फ्लुएन्झाने झालेल्या मृत्यूंची समाजगटांनुसार जी आकडेवारी उपलब्ध आहे, ती पुरेशी बोलकी आहे. युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३, पारशांमध्ये ९, जातिश्रेणीत वरच्या मानलेल्या हिंदूंमध्ये १८.९, आणि खालच्या मानलेल्या जातींतील हिंदूंमध्ये ६१.६. विषाणू जात पाहत नव्हता, पण जातीने आणि दारिद्र्याने कोणाचे घर किती कोंदट, कोणाच्या पोटात किती अन्न आणि कोणाच्या उशाशी बसायला कोण, हे आधीच ठरवून ठेवले होते.

देशभर या साथीत किती बळी गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. खानेसुमारीच्या इतिहासात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे १९११ ते १९२१ हे एकच दशक आहे. भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात दगावल्या. घरातील साऱ्यांची शुश्रूषा करायची, शेवटी उरेल ते खायचे आणि स्वतः आजारी पडल्यावरही चूल सोडायची नाही, या रीतीची किंमत त्यांनी मोजली. त्या काळी औषध नव्हते, लस नव्हती. माणूस वाचत असे तो वेळेवर मिळालेल्या पाण्यामुळे, पेजेमुळे, पांघरुणामुळे आणि शुश्रूषेमुळे. सरकारी यंत्रणा तोकडी पडली तेव्हा स्वयंसेवी संस्था वस्त्यांमध्ये उतरल्या, ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग त्यांपैकी एक. साथ ओसरते न ओसरते तोच, जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. त्यांची मागणी मजुरीवाढीची होती. ज्यांनी नुकतीच आपल्या घरातील माणसे पोहोचवली होती, त्यांना महागाई आणि मृत्यू यांचा संबंध वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नव्वद वर्षांनी, २००९ साली, नव्या एच१एन१ विषाणूची साथ आली. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतील तो देशातील पहिला बळी. शहर हादरले. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मुखपट्ट्यांचा काळाबाजार झाला. परंतु १९१८ आणि २००९ यांत मोठे अंतर पडलेले होते. १९५२ साली स्थापन झालेली विषाणूशास्त्राची राष्ट्रीय संस्था पुण्यातच होती, निदानाची सोय होती, विषाणूविरोधी औषध होते, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात तयार झालेली, नाकावाटे घ्यायची लस बाजारात आली. सार्वजनिक पैशातून उभारलेले विज्ञान संकटाच्या वेळी कसे कामी येते, याचे हे उदाहरण आहे. विज्ञानाने आपले काम केले. उरलेले काम समाजरचनेचे होते, आणि ते तसेच पडून राहिले.

प्रतिबंधाचे उपाय आज सर्वांना पाठ आहेत. २०२० च्या कोरोना साथीने ते घरोघर पोहोचवले. खोकताना तोंड झाकावे, हात साबणाने धुवावेत, गर्दीत मुखपट्टी वापरावी, खोलीत हवा खेळती ठेवावी, आजारी माणसाची झोपण्याची जागा वेगळी करावी. यातील प्रत्येक उपाय योग्य आहे. पण प्रत्येकामागे एक भौतिक अट आहे. हात धुण्यासाठी पाणी लागते, आणि ज्या वस्तीत टँकर येईल तेव्हाच पाणी मिळते तेथे हंड्यातील पाणी आधी पिण्यासाठी राखले जाते. हवा खेळती ठेवण्यासाठी खिडकी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर आजाऱ्याची वेगळी जागा कोणती? आरोग्यशिक्षणाची भित्तिपत्रके लावून या अटी पूर्ण होत नाहीत. त्या पूर्ण करणे हे नगरपालिकेचे आणि शासनाचे काम आहे.

सर्वांत परिणामकारक प्रतिबंध लसीचा. विषाणू बदलत असल्यामुळे लस दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. लस घेतल्यावर रोग होणारच नाही अशी हमी नसते. परंतु गंभीर आजाराची आणि मृत्यूची शक्यता तिच्यामुळे कमी होते. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण आणि आरोग्यसेवेत काम करणारे यांना तिची गरज सर्वाधिक आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र तिला स्थान मिळालेले नाही. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ती मोफत देण्यास सुरुवात केली, हे स्तुत्य पाऊल होते. इतरांना ती खाजगी दवाखान्यात हजाराहून अधिक रुपये मोजून घ्यावी लागते. शेतमजूर स्त्रीच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम आहे. म्हणजे ज्याला रोगाचा धोका अधिक, त्यालाच लस दुर्मीळ.

आता उपचार. धडधाकट माणसाला इन्फ्लुएन्झा झाला तर घरगुती शुश्रूषा बहुधा पुरेशी असते. पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी, पेज, वरणाचे पाणी, आणि ताप व अंगदुखीसाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा दुर्मीळ पण गंभीर विकार उद्भवू शकतो. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. विषाणूमुळे दुबळ्या झालेल्या फुफ्फुसांत जिवाणूंचा शिरकाव होऊन न्यूमोनिया झाला, तरच त्यांचा उपयोग होतो. तरीही ताप आला की दवाखान्यात सुई आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या मागण्याची व देण्याची प्रथा सर्वत्र रुजली आहे. तिच्यामागे निव्वळ अज्ञान नाही. 'उद्या कामावर उभे राहता आले पाहिजे' ही रोग्याची निकड तिच्यामागे असते. विश्रांती घेता येत नाही म्हणून माणूस सुई विकत घेतो, आणि अशा गैरवापरातून प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढत जातात.

काही लक्षणे दिसताच मात्र घरी थांबू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, बोलण्यात असंबद्धता येणे, लघवी फार कमी होणे, मुलाने खाणे-पिणे सोडणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे, यांपैकी काहीही आढळले तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि जुनाट विकारांचे रुग्ण यांनी अशा लक्षणांची वाट न पाहता पहिल्या दिवशीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. हे ४८ तास गावात कसे जातात? पहिला दिवस 'उतरेल ताप' या आशेवर जातो. दुसरा दिवस पैशांची आणि वाहनाची जुळवाजुळव करण्यात जातो. पहिल्याच दिवशी ताप हेरणारी व्यक्ती म्हणजे गावातील आशा स्वयंसेविका. तिला शासन अजून 'स्वयंसेविका' म्हणते, कर्मचारी म्हणत नाही, आणि त्यामुळे ती स्वतः तापाने फणफणली तर तिलाही पगारी रजा नाही.

येथे मूळ मुद्द्याकडे परत यावे लागते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडावर असतात. इन्फ्लुएन्झाचा हिवाळ्यातील जोर नेमका याच महिन्यांत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल आधीच घेतलेली; राहायला पाचटाची किंवा प्लॅस्टिकची कोपी. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर मुकादम दंडही कापतो. अशा मजुराला 'पाच दिवस विश्रांती घ्या' हे कोणत्या तोंडाने सांगायचे? तो तापात मोळ्या उचलतो, आणि कोपीतली मुले व शेजारच्या कोप्या आजारी पडतात. शहरातील घरकामगार स्त्री, बांधकामावरचा बिगारी, हातगाडीवाला आणि मोबाईलवरच्या हुकमाप्रमाणे घरोघर जेवण पोहोचवणारा तरुण यांची स्थिती याहून फार वेगळी नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा ब्रिटिश सरकारने १८९७ साली साथरोग कायदा केला. माणसांची तपासणी करण्याचे, त्यांना वेगळे ठेवण्याचे अधिकार त्याने शासनाला दिले. २००९ मध्ये आणि २०२० मध्ये महाराष्ट्रात याच कायद्याचा आधार घेतला गेला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्यात वेगळे ठेवलेल्या माणसाच्या पोटाची सोय कोणी करायची, याविषयी अवाक्षरही नाही. हुकूम देण्याचा अधिकार आहे. हुकूम पाळता यावा अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी नाही.

दुसरी परंपराही अस्तित्वात आहे. जर्मनीत १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा कायद्याने सुरू झाला. भारतात प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला; त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत देण्याची तरतूद ही त्या कायद्याची मोठी कमाई होय. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. परंतु देशातील दहांपैकी सुमारे नऊ श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत, आणि त्यांतील फार मोठा वर्ग या छत्राबाहेर आहे. शिवाय मूळ कायद्यानुसार आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता देय नव्हता. इन्फ्लुएन्झाचा रोगी सर्वांत अधिक संसर्ग पसरवतो ते हेच दिवस. लबाडीला आळा घालण्यासाठी केलेली तरतूद अशा प्रकारे रोगाच्या पथ्यावर पडते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पगारी रजा दिल्यास लोक आजारपणाचे सोंग घेतील. संघटित नोकरदारांना आजारपणाची रजा देऊन अनेक दशके लोटली. त्यामुळे कचेऱ्या ओस पडलेल्या नाहीत. श्रमिक मात्र जात्याच लबाड असतो, हे गृहीतक कोणत्या पुराव्यावर उभे आहे? दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. ज्याचा मालक निश्चित नाही अशा मजुराचा भत्ता कोणी द्यायचा? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने स्वतःच शोधले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालाची चढउतार करवून घेणाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून कामगारांना सुविधा द्यायच्या, अशी ही रचना आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचे धोरण ठरले. त्या निधीतून पहिला हक्क आजाऱ्याच्या विश्रांतीचा मानावा, अशी मागणी करण्यात अव्यवहार्य काहीच नाही. २९ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत कामगारांचे वेतन कापू नये, असा आदेश केंद्र सरकारने काढला. १८ मेपासून तो मागे घेण्यात आला. पन्नास दिवस का होईना, रोगाच्या काळात काम न करताही वेतन मिळाले पाहिजे, हे तत्त्व शासनाने लेखी मान्य केले होते. ते अपवाद म्हणून विरून जाऊ देणे चळवळीला परवडणारे नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. इन्फ्लुएन्झाची लस जोखमीच्या सर्व गटांना सरकारी केंद्रांतून मोफत मिळावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विषाणूविरोधी औषध पावसाळ्यापूर्वी आणि गाळपाच्या हंगामापूर्वी पोहोचलेले असावे. आशा स्वयंसेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा. आजाऱ्याला पहिल्या दिवसापासून भत्ता मिळावा, आणि तो असंघटित श्रमिकालाही मंडळांमार्फत मिळावा. आजारपणाच्या खाड्यावर दंड घेणे हा गुन्हा ठरावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तो पल्ला गाठला गेला नाही, याचा जाब विधिमंडळात आणि संसदेत विचारला जावा.

संघटनांनीही कायद्याची वाट पाहत बसू नये. येत्या हंगामात फडावर, नाक्यावर आणि वस्तीत जाऊन धोक्याची लक्षणे समजावून सांगणारे कार्यकर्ते तयार करता येतील. आजाऱ्याच्या घरी दोन वेळची पेज पोहोचवणारी मंडळे १९१८ मध्ये उभी राहिली होती, ती आजही उभी करता येतील. मुकादमाशी आणि कारखान्याशी करार करताना मजुरीच्या दराशेजारी 'आजारपणाला दंड नाही' हे एक कलम लिहून घेता येईल. पुढची जागतिक साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नाही. ती येईल याविषयी शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही. तोपर्यंत हे कलम किती करारांत घातले गेले, यावर तिच्या वेळी किती कोप्यांत माणसे वाचतील हे अवलंबून राहील.